अश्कलोनचे पत्र

भारतात आम्ही मराठी शाळेत शिकत होतो तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात धर्मयुद्धांवर एक छोटासा धडा असे. पोपने हाक दिली, युरोपातले सरदार क्रूस लावून निघाले, इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सुलतान सलाउद्दीन लढले. आम्ही सनावळ्या पाठ केल्या आणि परीक्षा संपताच विसरलो. आमच्यापैकी जे पुढे शिक्षक झाले त्यांनीही तो धडा तसाच शिकवला. त्या लढायांत यहुदी कोठे होते, हे आम्ही कधी विचारले नाही. इस्राएलला आल्यावर अश्कलोनचा समुद्राकाठचा जुना कोट पाहिला, तेव्हा कोठे हा प्रश्न मनात आला.

पोप दुसरा अर्बन याने १०९५ साली क्लेरमाँ येथे ती हाक दिली. पुढच्याच वर्षी, पूर्वेकडे पोचण्याआधीच, काही टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइंझ शहरांतल्या यहुदी वस्त्या कापून काढल्या. १५ जुलै १०९९ रोजी यरुशलेम पडले. शहरातले मुसलमान आणि यहुदी मोठ्या संख्येने मारले गेले. जे वाचले त्यांपैकी कित्येक बंदिवान झाले.

अश्कलोन मात्र तेव्हा पडले नाही. इजिप्तच्या फातिमी राज्याच्या ताब्यात ते ११५३ पर्यंत राहिले. म्हणून यरुशलेममधून निसटलेले आणि सोडवून आणलेले लोक आधी अश्कलोनला येत. त्यांची सोय लावणाऱ्या तिथल्या वडीलधाऱ्या मंडळींनी ११०० च्या सुमारास इजिप्तमधल्या आपल्या बांधवांना एक लांबलचक पत्र लिहिले. भाषा अरबी, अक्षरे हिब्रू. जुन्या कैरोतल्या सिनेगॉगच्या गनीझात ते शेकडो वर्षे पडून होते. आज ते केंब्रिजला आहे, आणि यरुशलेमचे प्राध्यापक गॉइटाइन यांनी १९५२ साली ते छापून प्रसिद्ध केले.

ते पत्र म्हणजे एका गरीब जमातीचा हिशेब आहे. कोणाला सोडवले, कोण अजून शत्रूच्या हाती आहे, कर्ज किती झाले, आणखी पैसे कोठून आणायचे, हेच त्यात आहे. एका बंदिवानामागे सुमारे तेहेतीस दिनार असा दर त्या काळी रूढ होता. मध्यम घराचा महिन्याचा खर्च दोन दिनारांत भागे. म्हणजे एका माणसाच्या सुटकेला एका कुटुंबाची सोळा महिन्यांची मीठभाकरी लागे. सुटून आलेल्यांनाही अन्न हवे, कपडे हवेत, आणि त्यांच्यात रोगराईने माणसे मरत होती. ज्यांची सुटका अजून व्हायची होती त्यांत आठ वर्षांचा एक मुलगा होता.

माणसांच्या जोडीने त्यांनी पुस्तकेही सोडवली. लुटीतून विकत घेतलेले ८ सेफेर तोरा, तनाखचे २३० ग्रंथ आणि इतर १०० ग्रंथ, अशी नोंद पत्रात आहे. हे सारे जमातीच्या मालकीचे, असेही लिहिले आहे. यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये असलेला प्रसिद्ध केतेर, आराम सोबाचा तनाख, तोही त्याच लुटीतून सुटून इजिप्तला गेला असे मानले जाते. पुढे रामबाम यांनी ज्या तनाखावर भरवसा ठेवला तो हाच, असे विद्वान सांगतात.

रामबाम इजिप्तला आल्यावर थोड्याच वर्षांत, ११६८ साली, यरुशलेमचा ख्रिस्ती राजा आमालरिक याने बिलबैस शहर लुटले. तेव्हा बंदिवानांसाठी वर्गणी गोळा करण्याचे आवाहन खुद्द रामबाम यांच्या सहीने गावोगाव गेले. ११८७ साली सलाउद्दीनने यरुशलेम घेतले तेव्हा खंडणी भरण्याची पाळी ख्रिस्ती रहिवाशांवर आली. पुरुषाचे दहा दिनार, बाईचे पाच. ज्यांना ते जमले नाही असे हजारो लोक गुलाम झाले. जिंकणारा कोणीही असो, गरिबाला सोडवायला कोणी तरी मागे उभे आहे की नाही, यावर त्याचे नशीब ठरत होते.

बंदिवास म्हणजे काय, हे आपल्या जमातीलाही ठाऊक आहे. समाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले, ही हकीकत आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली आहे. त्या सिनेगॉगचे नाव शाअर हाराहामीम, म्हणजे दयेचे द्वार. आणि ७ ऑक्टोबर २०२३ नंतर बंदिवानांची नावे दररोज ऐकत आपण सर्वांनी दिवस काढले. त्या दिवसांत आम्ही हे पत्र पुन्हा वाचले, आणि ते नऊशे वर्षांपूर्वीचे वाटेना.

पिदयोन शेवुयीम ही मोठी मित्स्वा आहे, असे आपण मुलांना शिकवतो. अश्कलोनला राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. नातवंडांना घेऊन कोटावर फिरायला जाल तेव्हा रिचर्ड आणि सलाउद्दीन यांच्या गोष्टी जरूर सांगा. पण त्याच गावात बसून कर्ज काढून माणसे घरी आणणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांचीही गोष्ट सांगा. आणि त्या आठ वर्षांच्या मुलाची.