ओब्रेगॉनच्या बागायतीतून आम्लधर्मी मातीकडे : सिमिटच्या ट्रिटिकेलची वाटचाल

राय हे थंड प्रदेशातले काटक धान्य. त्याचा आणि गव्हाचा संकर म्हणजे ट्रिटिकेल. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाने १९५४ मध्ये त्यावर पद्धतशीर काम सुरू केले. १९६४ पासून मेक्सिकोतला गहू पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांचा गट त्यात सामील झाला आणि पुढे ते काम सिमिटच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राच्या, हाती आले.

पीक तेव्हा निराश करणारेच होते. उंच वाढून लोळायचे, उशिरा पिकायचे, ओंबी मोठी पण दाणे थोडे आणि तेही सुरकुतलेले. १९६७-६८ च्या सुमारास सोनोरा राज्यातील ओब्रेगॉनच्या प्रक्षेत्रावर मात्र काही झाडे निराळी दिसली. बुटक्या मेक्सिकन गव्हाशी आपोआप परागीकरण होऊन ती निपजली होती. ओंब्या दाण्यांनी भरलेल्या, पीक लवकर येणारे. ‘आर्माडिलो’ नावाचा हा वंश सिमिटचे पैदासकार फ्रँक झिलिन्स्की यांनी काही वर्षांतच कार्यक्रमातील बहुतेक वाणांत उतरवला. आर्माडिलोत रायचे एक गुणसूत्र जाऊन तिथे गव्हाचे आले आहे, हे १९७३ मध्ये कळले.

खरी परीक्षा देशोदेशीच्या चाचण्यांत झाली, आणि मला या वाटचालीतला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पाणी आणि खत असलेल्या जमिनीत आर्माडिलोच्या वळणाचे वाण सरस ठरत. कोरडवाहू, रेताड किंवा आम्लधर्मी जमिनीत ‘बीगल’सारखे, रायची सातही गुणसूत्रे राखलेले वाण पुढे जात. आम्ल मातीतले ॲल्युमिनियम गव्हाची मुळे खुंटवते, राय ते बऱ्यापैकी सोसते. बागायती प्रक्षेत्रावर निवड करताना हा गुण नजरेत येणे कठीणच होते. १९८० च्या दशकात सिमिटचा भर पुन्हा पूर्ण रायगुणसूत्रांच्या वाणांकडे वळला. एवढ्या यशानंतर दिशा बदलायला धैर्य लागते.

भारतात पंजाब कृषी विद्यापीठाने ‘टीएल’ मालिकेतले वाण काढले. पण चपातीसाठी टपोरा, पिवळसर दाणा निवडणाऱ्या बाजारात लालसर, सुरकुतलेल्या दाण्याला भाव मिळेना. पोलंडमध्ये उलट घडले. तिथे स्थानिक पैदासकारांनी स्वतंत्रपणे तयार केलेला ‘लास्को’ हा हिवाळी वाण १९८२ मध्ये आला आणि हलक्या, आम्ल जमिनीत रुजला. आज जगात सर्वाधिक ट्रिटिकेल तिथेच पिकते आणि त्यातले बहुतेक जनावरांच्या खाद्यात जाते.