न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आणि विश्वाच्या प्रसरणाचे मोजमाप



विश्व किती वेगाने प्रसरण पावत आहे, या प्रश्नाची आज दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. हा वाद मिटवू शकेल अशी एक अगदी वेगळी मोजपट्टी २०१७ साली शास्त्रज्ञांच्या हाती आली. त्यात अमेरिकेतल्या वेधशाळांचा मोठा वाटा होता आणि पुढच्या टप्प्यात आपल्या हिंगोली जिल्ह्याचाही असणार आहे. म्हणून या लेखात आपण ही पद्धत समजून घेऊ.

वाद काय आहे?

दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, आणि जितकी दीर्घिका लांब तितका तिचा वेग जास्त. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत काम करणाऱ्या एडविन हबल यांनी हे १९२९ साली मांडले. वेगाला अंतराने भागले की जो आकडा येतो त्याला हबल स्थिरांक म्हणतात. अंतर मेगापार्सेकमध्ये मोजतात. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे.

महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाचा अभ्यास करणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजणीतून हा स्थिरांक ६७.४ येतो. रूपविकारी तारे आणि सुपरनोव्हा यांच्या साहाय्याने पायरीपायरीने अंतर मोजले की तो ७३ येतो. दोन्ही गटांनी दिलेली चुकीची मर्यादा या फरकापेक्षा बरीच लहान आहे. म्हणजे एक तर कुठल्या तरी मोजणीत न सापडलेली चूक आहे, नाही तर विश्वाबद्दलच्या आपल्या समजुतीतच काही उणे आहे. विश्वाच्या वयातही यामुळे सुमारे शंभर कोटी वर्षांचा फरक पडतो.

आम्ही इंजिनियर मंडळी अशा वेळी एकच गोष्ट सुचवतो: दोन्हींशी संबंध नसलेल्या तिसऱ्या पद्धतीने मोजून पाहा.

१७ ऑगस्ट २०१७

त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ८ वाजून ४१ मिनिटे झाली असताना लायगोच्या यंत्रांनी एक गुरुत्वीय लहर टिपली. लायगोची दोन केंद्रे आहेत, एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि दुसरे लुईझियानात लिव्हिंग्स्टनला. प्रत्येकाच्या दोन भुजा ४ कि.मी. लांबीच्या आहेत. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी आदळले होते. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून थोडे जास्तच वस्तुमान, पण व्यास जेमतेम पुणे शहराएवढा.

टकरीनंतर १.७ सेकंदांनी नासाच्या फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा स्फोट दिसला. इटलीतल्या व्हर्गो यंत्राच्या मदतीने आकाशातला शोधायचा भाग लहान झाला, तरी तो सुमारे दीडशे पूर्णचंद्र मावतील एवढा होता. सुमारे ११ तासांनी चिलीतल्या स्वोप दुर्बिणीने वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू शोधून काढला. या प्रकारच्या स्फोटाला किलोनोव्हा म्हणतात.

लहरीवरून अंतर, प्रकाशावरून वेग

गुरुत्वीय लहरीची वारंवारता कशी वाढत जाते यावरून टक्कर मुळात किती जोरदार होती ते कळते. आपल्यापर्यंत ती किती क्षीण होऊन पोहोचली हे यंत्र सांगते. या दोन्हींवरून थेट अंतर निघते, मधल्या पायऱ्या लागत नाहीत. एखाद्या गिरणीच्या भोंग्याचा मूळ आवाज माहीत असला की ऐकू येणाऱ्या आवाजावरून गिरणी किती लांब आहे ते सांगता यावे, तसेच हे. ही कल्पना बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ साली मांडली होती.

पण लहर वेग सांगत नाही. त्यासाठी दीर्घिका कोणती ते कळावे लागते, आणि ते प्रकाशामुळे कळले. एनजीसी ४९९३ चा वेग, शेजारच्या दीर्घिकांच्या ओढीचा हिशेब करून, सेकंदाला सुमारे ३०१७ कि.मी. आला. अंतर आले ४३.८ मेगापार्सेक, म्हणजे सुमारे १४ कोटी प्रकाशवर्षे. भागाकार करून पाहा, उत्तर ६९ च्या आसपास येते. शास्त्रज्ञांच्या पूर्ण गणितात ते ७० आले, पण ६२ ते ८२ या मर्यादेत. म्हणजे वादातली दोन्ही उत्तरे त्यात बसतात!

एवढी अनिश्चितता राहण्याचे मुख्य कारण म्हणजे ताऱ्यांच्या कक्षेचा कल. जवळची पण तिरपी कक्षा आणि लांबची पण आपल्यासमोर असलेली कक्षा लहरीत जवळपास सारख्याच दिसतात. पुढे रेडिओ दुर्बिणींनी टकरीतून निघालेल्या झोताची हालचाल टिपली, त्यावरून कल कळला आणि २०१९ मध्ये ही मर्यादा ७० च्या दोन्ही बाजूंना सुमारे ५ इतकी कमी झाली.

प्रकाशावरूनच अंतर

२०२३ साली कोपनहेगनच्या गटाने लहरीतून काढलेले अंतर न वापरता, फक्त किलोनोव्हाच्या प्रकाशावरून अंतर काढले. त्याचे टप्पे असे:

१. वर्णपटात स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची खूण सापडते. तिच्यावरून स्फोटाचा गोळा किती वेगाने फुगत आहे ते कळते. सुरुवातीला हा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे पाव पट होता.

२. टकरीची वेळ नेमकी माहीत आहे. वेग गुणिले वेळ म्हणजे गोळ्याची त्रिज्या. दीड दिवसात ती नेपच्यूनच्या कक्षेच्या दुप्पट झाली होती.

३. रंगावरून तापमान कळते. तापमान आणि त्रिज्या यांवरून खरी तेजस्विता निघते.

४. खरी तेजस्विता आणि दिसणारी तेजस्विता यांची तुलना केली की अंतर मिळते.

गोळा खरोखर गोल असेल तरच हे गणित चालते. तो जवळपास पूर्ण गोल आहे, असे याच गटाला आढळले. या पद्धतीने स्थिरांक ६७ आला, चुकीची मर्यादा साधारण साडेतीन. आकडा प्लँकच्या बाजूला झुकतो, पण एका घटनेवर निकाल देता येत नाही.

मराठी मुलुखाशी नाते

कुरुंदवाडला जन्मलेले आणि कॅलटेकमध्ये प्राध्यापक असलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनी २००५ सालीच अशा स्फोटाच्या प्रकाशाचे गणित मांडले होते. त्याला त्यांनी मॅक्रोनोव्हा असे नाव दिले होते. यंत्रातल्या गोंगाटातून लहरीचा संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर यांनी मोलाचे काम केले. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने या टकरीचा नंतरचा प्रकाश पाहिला.

आणि आपल्या घरातली गोष्ट म्हणजे सोने! अशा टकरींमध्ये जड मूलद्रव्ये तयार होतात. मंगळसूत्रातल्या सोन्याचा काही भाग तरी अशाच कुठल्या जुन्या टकरीत तयार झालेला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

पुढे काय?

आणखी टकरी प्रकाशासकट सापडायला हव्यात. २५ एप्रिल २०१९ ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची दुसरी लहर मिळाली, पण तिचा प्रकाश सापडला नाही, त्यामुळे दीर्घिकाही कळली नाही. केवळ लहरीच्या पद्धतीत एका घटनेत चूक सुमारे १५ टक्के असते. अशा ५० घटना मिळाल्या तर ती साधारण २ टक्क्यांवर येईल आणि ६७ की ७३ ते सांगता येईल.

त्यासाठी टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली ते पटकन कळले पाहिजे, आणि दूरवर आणखी एक यंत्र असले की ते सोपे होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभे राहणार आहे. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. आजवर ज्योतिर्लिंगासाठी औंढ्याला जाणाऱ्या आपल्या लोकांना तिथे जायला आणखी एक कारण मिळेल.

तोपर्यंत इथल्या मुलांना घेऊन हॅनफर्ड किंवा लिव्हिंग्स्टनला जरूर जा. दोन्हीकडे लोकांसाठी विज्ञान केंद्रे आहेत. भेटीचे दिवस मात्र आधी पाहून घ्यावेत.