वरोऱ्याच्या बाजारात न खपलेली भाजी

#थ्रेड

१/
पन्नाशीच्या दशकाचा पूर्वार्ध. वरोऱ्याच्या बाजारात एका नव्या मळ्याची भाजी आली. भाजी ताजी होती, पण गिऱ्हाईक तिच्याकडे फिरकेना, कारण ती पिकवणारे हात कुष्ठरुग्णांचे होते. आनंदवनाच्या आठवणींत हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. त्याचा अर्थ लावायचा तर मळ्याच्या थोडे मागे जावे लागते.

२/
वरोरा त्या वेळी 'चांदा' जिल्ह्यात होता आणि विदर्भ मध्य प्रदेश राज्यात. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, येथे वकिली करीत. ते नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. सफाई कामगारांचे जिणे समजून घेण्यासाठी त्यांनी काही महिने स्वतः डोक्यावर मैला वाहिला. त्याच काळात पावसात गटाराकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला आणि ते भीतीने दूर पळाले. पुढचे सारे आयुष्य त्या भीतीला दिलेले उत्तर होते.

३/
दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलेले काम बाबांनी पाहिले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. वरोऱ्याबाहेरची सुमारे पन्नास एकर जमीन सरकारकडून मिळाली. ही जमीन म्हणजे खडक, झुडपे, साप आणि विंचू. १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

४/
सहा रुग्ण, चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा: आनंदवनाच्या प्रारंभाची ही मोजणी बहुतेक सर्व लेखनांत आढळते. बाबा, साधनाताई आणि विकास व प्रकाश ही दोन लहान मुले या मोजणीत नसतात. आधी विहीर खणली गेली, मग माती तयार झाली, मग वाफे. भीक मागून जगणे भाग पडलेल्या माणसाने स्वतःच्या श्रमावर उभे राहावे, हा या मळ्यामागचा विचार होता.

५/
परंतु कुदळ धरणे हीच मोठी जोखीम होती. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होतात आणि हातापायांची संवेदना जाते. दांड्याने तळहाताला फोड आला तरी कळत नाही. तो फुटतो, चिघळतो, हाडापर्यंत जातो. 'रोगाने बोटे झडतात' ही समजूत चुकीची आहे, बोटांचा नाश मुख्यतः न जाणवलेल्या जखमांमुळे होतो, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या आपल्या कामातून याच काळात दाखवून दिले. आनंदवनातील प्रत्येक वाफ्यामागे अशा बधिर हातांची जपणूक होती.

६/
पीक आले. स्वतःच्या पोटापुरते ठेवून उरलेले बाजारात गेले आणि तिथे अडले. ही निव्वळ अडाणी भीती म्हणून सोडून देता येत नाही. ब्रिटिश सरकारच्या १८९८ च्या 'लेपर्स ॲक्ट'मध्ये एक तरतूद होती: अधिसूचित क्षेत्रात कुष्ठरुग्णाने खाद्यपदार्थ विक्रीसाठी स्वतः तयार करू नयेत वा विकू नयेत आणि सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये, असा आदेश सरकारला काढता येई. म्हणजे लोकांच्या मनातली भीती कायद्याच्या पुस्तकातही होती. हा कायदा रद्द झाला तो थेट २०१६ मध्ये.

७/
विज्ञान मात्र केव्हाच पुढे गेले होते. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्येच या रोगाचा जंतू शोधला होता. १९४० च्या दशकात सल्फोन औषधांनी रोग आटोक्यात येऊ लागला. हा रोग भाजीतून पसरत नाही. तरीही औषधाने जंतू मरत होते, बाजारातली भीती मरत नव्हती.

८/
कोंडी फुटली ती पाहुण्यांमुळे. 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संघटनेचे स्वयंसेवक आनंदवनात श्रमदानाला आले. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दाँ परिसरात या कामाचा आरंभ केला होता. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात येऊन राबले होते. त्यांच्या संघटनेचे हे तरुण आनंदवनात राहिले, त्यांनी इमारती उभारल्या आणि तिथलेच अन्न खाल्ले.

९/
वरोऱ्याने हे पाहिले. देशोदेशीची माणसे तिथे जेवतात आणि धडधाकट राहतात, हे दिसल्यावर संकोच ओसरू लागला. भाजी खपू लागली. आठवणींत हा प्रसंग विजयाचा म्हणून येतो, आणि तो तसा आहेही.

१०/
पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबायला हवे. ती भाजी साधनाताई रोज खात होत्या. त्यांची दोन चिमुकली मुलेही खात होती. मग तो पुरावा गावाला का पुरला नाही? रुग्णांसोबत राहणारे कुटुंब गावाच्या लेखी 'त्यांच्यातलेच' झाले होते. साक्ष तीच, पण परक्याच्या तोंडची असल्यावर ग्राह्य ठरली. कुणाच्या हातचे खावे हा आपल्या समाजातला जुना प्रश्न. जातीच्या पंगतीत त्याचे जे उत्तर मिळे, तेच इथे रोगाच्या नावाने मिळत होते.

११/
जगातील बागकामाच्या आठवणींशी ही तुलना उद्बोधक ठरते. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर नागरिकांना लागवडीसाठी लहान तुकडे देण्याची जबाबदारी टाकली. तिथला प्रश्न होता: कष्टकऱ्याला माती मिळेल का? आनंदवनात माती मिळाली होती, खडकाळ का होईना. प्रश्न पुढचा होता: त्या मातीतले पीक दुसऱ्याच्या ताटात जाईल का?

१२/
पुढे याच जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ प्रकल्पाची शेती उभी राहिली. १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा भाग १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात आहे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की तिथला संपर्क तुटे. अशा ठिकाणी भाजीच्या वाफ्याचा अर्थ पुन्हा बदलतो. तिथे बाजार जिंकायचा नसतो, पावसाळा निभावायचा असतो.

१३/
साधनाताईंचे 'समिधा', डॉ. विकास आमटे यांचे 'आनंदवन प्रयोगवन' आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा' ही पुस्तके सहसा सेवेच्या गाथा म्हणून वाचली जातात. ती मळ्याच्या आठवणी म्हणूनही वाचावीत. विहीर, गोठा, वाफे आणि स्वयंपाकघर यांच्याकडे लक्ष दिले की समाजाच्या स्वीकाराचा आणि नकाराचा फार बारकाईने नोंदलेला हिशेब हाती लागतो.

१४/
मात्र लेखणी कुणाच्या हाती आहे, हे विसरू नये. ही पुस्तके आमटे कुटुंबाने लिहिली. पहिल्या सहा रुग्णांची गणती सर्वत्र आहे, त्यांचे स्वतःचे शब्द मात्र या पुस्तकांत पाहुण्यासारखे येतात. फोड आलेला हात, फिरलेली पाठ आणि मग एके दिवशी विकली गेलेली भाजी: हे सारे ज्यांनी अंगावर घेतले, त्यांच्या तोंडून ते ऐकायला मिळाले असते तर? वाचताना ही उणीव मनात ठेवली, तर त्या सहा जणांची संख्या पुन्हा सहा माणसे होते.