वाशिष्ठी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील पश्चिमवाहिनी नदी. लांबी सु. ७० किमी. चिपळूण तालुक्यात तिवरे गावाजवळ, सह्याद्रीच्या मुख्य धारेखाली ती उगम पावते आणि दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते.

उगमाकडचा डोंगराळ मुलूख दसपटी या नावाने ओळखला जातो. येथे पात्र अरुंद, तीव्र उताराचे आणि काळ्या गोट्यांनी भरलेले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री याच खोऱ्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली.

कोकणातील बहुतेक नद्या पावसाळा सरला की आटू लागतात. वाशिष्ठी खालच्या टप्प्यात भर उन्हाळ्यातही वाहती असते, आणि याचे कारण घाटमाथ्यापलीकडे आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयातील पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात उतरवतात. पुढे ते कोळकेवाडी धरणात साठवून त्यावर पुन्हा वीज काढली जाते. त्यानंतर सुटणारे पाणी, म्हणजेच स्थानिकांच्या बोलण्यातले ‘अवजल’, चिपळूणच्या वरच्या अंगाला नदीत येते. कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून एरवी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेले असते असे पाणी पश्चिमेकडे वळले आहे.

चिपळूणला उतार जवळजवळ संपतो. शहरात शिवनदी येऊन मिळते आणि समुद्राची भरतीही इथवर चढते. घाटातला मुसळधार पाऊस, ऐन भरती आणि गाळाने उथळ झालेले पात्र एकत्र आले की पाण्याला जायला वाट उरत नाही, म्हणून पूर या शहराच्या पाचवीला पुजलेला आहे. जुलै २००५ चा पूर मोठा होता. २२ जुलै २०२१ च्या पुराने बाजारपेठ बुडवली. त्यानंतर गाळ आणि पात्रातील जुवाडे, म्हणजे साचून तयार झालेली बेटे, काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

गोवळकोटपासून पुढे नदीची खाडी होते. परशुराम घाटातून तिची नागमोडी वळणे उत्तम दिसतात. कोकणातील नदीची इतकी मोकळी दृश्ये थोडीच. काठांवर कांदळवने व खाजणे असून चिखलाच्या पट्ट्यांवर मगरी ऊन खात पडलेल्या आढळतात. खेडकडून येणारी जगबुडी ही प्रमुख उपनदी खाडीतच मिळते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने मासळी घटल्याची मच्छीमारांची तक्रार जुनी आहे.

मुखाच्या उत्तर तीरावरील दाभोळ हे बहमनी काळात भरभराटीचे बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने परतीचा प्रवास येथूनच सुरू केला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदा याने ते जाळले. दक्षिण तीरावर अंजनवेलचा गोपाळगड असून एन्रॉनमुळे गाजलेला ‘दाभोळ’ वीजप्रकल्पही, नाव काहीही असो, याच गुहागरच्या बाजूला आहे. दाभोळ ते धोपावे या फेरीबोटीमुळे वाहनांचा चिपळूणमार्गे पडणारा मोठा वळसा वाचतो.