गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर? वायरिंग खाण्याआधी हे करा : ट्रॅक्टर, पिकअप, चारचाकीवाल्यांसाठी कामाची माहिती

निरगुडसर : ऊस तुटला की उंदीर गावाकडं सरकतो, हे आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. उभ्या उसात त्याला खायला असतं, लपायला पाचट असतं. फड मोकळा झाला की तो बांधावरून गोठ्यात, गोठ्यातून कांद्याच्या चाळीत आणि तिथून शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली येतो. दत्तात्रयनगरला भीमाशंकर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गॅरेजवाल्यांकडं वायर कुरतडलेल्या गाड्या दिसायला लागतात, ते उगाच नाही.

आमचीच गोष्ट सांगतो. पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला निघायचं होतं. पिकअप चावी मारूनही गप्प. बॉनेट उघडलं तर बॅटरीमागं पाचट, बारदानाचे धागे आणि शेवयासारखी तुटलेली वायर. माल दुसऱ्याच्या गाडीत भरेपर्यंत उजाडलं, आणि उशिरा पोचलेल्या मालाला काय भाव मिळतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. तरी वायरच तुटली म्हणून बरं. ब्रेकचा रबरी पाइप कुरतडला असता तर कळलं असतं ते थेट उतारावर.

उंदीर गाडीत येतोच का?

इंजिन बंद केल्यावर बराच वेळ गरम राहतं, आत अंधार असतो आणि मांजराचा पंजा तिथं पोचत नाही. पिल्लं घालायला यापेक्षा चांगली जागा कुठली? उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज होतात. म्हणजे महिनाभर उभी राहिलेली गाडी हे त्याचं पूर्ण घरटं होऊ शकतं.

वायर तो भुकेपोटी खात नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी कुरतडावंच लागतं. नव्या गाड्यांच्या वायरीच्या आवरणात सोयाबीनचा अंश असतो म्हणून उंदीर येतात, असं म्हणत अमेरिकेत लोक कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले होते. पण आपल्याकडं सोयाबीनचा संबंध नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या वायरीही कुरतडलेल्या मिळतात. त्यामुळं गाडीच्या मॉडेलला दोष देत बसण्यात अर्थ नाही, गाडी उभी कुठं आहे ते बघा.

आणखी एक. चिचुंद्री दिसली की लोक तिला मारतात. चिचुंद्री उंदराच्या जातीची नाही, ती मुख्यतः किडे खाते. तुमची वायर तिनं खाल्लेली नसते. घूस मात्र शेडचा पायाच पोखरते आणि तिच्या बिळातून बाकीच्यांचा रस्ता होतो, म्हणून शेडच्या कडेची बिळं दगड-सिमेंटनं बुजवा.

आधी जागा, मग गाडी

गाडीवर कितीही फवारा, शेजारी मक्याच्या कणसांचा ढीग असेल तर काही उपयोग नाही. पेंडीची पोती, भरडा, कांद्याची चाळ, कडब्याची गंज यांच्यापासून गाडी जमेल तेवढी लांब लावा. शेडमध्ये लावायचीच असेल तर भिंतीला चिकटवू नका. उंदीर भिंतीच्या कडेकडेनं फिरतो, मोकळ्या जागेतून पळायला घाबरतो. चारी बाजूंनी दोन-तीन फूट झाडलेली जागा ठेवली तरी फरक पडतो. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवा. खाली झाडता आलं पाहिजे.

गाडीतलं खाणं रोज काढा. सीटखाली पडलेली शेंगदाण्याची फोलपटं, बिस्किटाचा पुडा, पोरांनी सांडलेला चिवडा, पिकअपच्या हौद्यात राहिलेला भाजीपाला हे सगळं उंदराला आमंत्रण आहे. ताडपत्री ओली गुंडाळून हौद्यात टाकू नका, वाळवून दोरीवर टांगा.

धान्य मागं ठेवून माणूस निघून गेला की काय होतं, हे महाराष्ट्रानं एकदा पाहिलंय. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी घरं सोडली, साठवलेलं धान्य आतच राहिलं, उंदीर वाढले आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण सापडले. गाडीच्या मानानं गोष्ट मोठी आहे, पण सुरुवात तिथंही सांडलेल्या दाण्यापासूनच झाली.

फट किती मोठी लागते?

पेन्सिल आत जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर शिरतो. मोठ्या उंदराला अर्धा इंच पुरतो. डोकं गेलं की अंग जातंच. म्हणून जाळी बारीक हवी, कोंबड्यांची मोठ्या भोकाची जाळी चालत नाही. पाव इंचाची किंवा त्याहून बारीक लोखंडी जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

चारचाकीत पहिली जागा म्हणजे काचेच्या खाली, वायपरजवळची हवा आत घेणारी जाळी. इथून उंदीर एसीच्या फिल्टरपर्यंत जातो आणि एसी लावला की वास येतो. मेकॅनिककडून तिथं आतून बारीक जाळी बसवून घ्या. हवा अडता कामा नये, हे त्याला सांगा. क्लच-ब्रेकच्या पायाजवळची वायर जाण्याची भोकं, डिकीतल्या पाणी निघण्याच्या भोकांची निघालेली रबरं, तीही बघा. बारीक भोकात लोखंडी घासणीचा चोथा दाबून बसवता येतो, तो उंदराला कुरतडता येत नाही. पण फिरत्या भागाजवळ, गरम सायलेन्सरजवळ किंवा वायरीच्या उघड्या जोडाजवळ तो अजिबात घालू नका, शॉर्ट होईल.

ट्रॅक्टरला सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालण्याची आपली जुनी पद्धत पावसासाठी आहे, तीच उंदरासाठीही चालते. चालू करताना काढायला विसरू नका. एअर क्लीनरचं तोंड आणि सीटचा स्पंज या त्याच्या आवडीच्या जागा.

वर्षातून काहीच महिने चालणाऱ्या गाड्या

सगळ्यात जास्त नुकसान या गाड्यांचं होतं. परदेशात लोक राहण्याची सोय असलेल्या गाड्या घेऊन फिरायला जातात आणि हंगाम संपला की उभ्या करतात, तिथंही हीच रड आहे. आपल्याकडं तशा गाड्या म्हणजे दिंडीबरोबर जाणारे ट्रक-टेम्पो आणि नारायणगावच्या तमाशा फडांच्या गाड्या. दसऱ्यापासून यात्रांच्या हंगामापर्यंत फड फिरतो, पावसाळ्यात गाड्या उभ्या. आत पडदे, कपडे, गाद्या, भांडी. उंदराला एवढी तयार बिछायत कुठं मिळायची?

गाडी अशी महिनोन्महिने लावायची असेल तर गाद्या, कपडे, शिधा पूर्ण बाहेर काढा. ठेवायचंच असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या पेटीत. प्लास्टिकचा डबा तो कुरतडतो. बॅटरीची वायर सोडून ठेवा, म्हणजे वायर कुरतडली तरी ठिणगी पडून आग लागायचा धोका कमी होतो. आठवड्यातून एकदा तरी बॉनेट उघडून बघा आणि गाडी थोडी हलवा. हललेलं घरटं उंदराला आवडत नाही.

तंबाखू, डांबरगोळ्या, मशीन : खरं काय?

तंबाखूची पानं जुने ड्रायव्हर बॉनेटमध्ये ठेवतात. वास ताजा असेपर्यंत थोडा उपयोग होतो, पण वारा आणि उष्णतेनं आठ-पंधरा दिवसांत नुसता पाला उरतो. डांबरगोळ्यांचंही तेच, शिवाय लहान मुलं बसतात त्या केबिनमध्ये त्या ठेवू नयेत, वाफ अंगाला बरी नाही. डिझेल किंवा रॉकेल शिंपडण्याचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा. गरम इंजिनावर ते म्हणजे आगीला बोलावणं. होंडा कंपनीनं तिखटाचा अंश असलेली वायरीवर गुंडाळायची चिकटपट्टी काढली आहे. नव्यानं वायरिंग करताना अशी पट्टी किंवा निदान जाड नालीदार पाइप घालून घ्यायला हरकत नाही.

आवाजानं उंदीर पळवणाऱ्या मशीनवर पैसे घालू नका असं माझं मत आहे. उंदराला त्या आवाजाची सवय होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ मध्ये अशी मशीन बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून जास्त कंपन्यांना, पुराव्याशिवाय दावे करू नका अशी पत्रं पाठवली होती.

खरा उपाय पिंजरा. तो गाडीत नाही, गाडीभोवती भिंतीच्या कडेला लावा. भाजलेलं खोबरं, भज्याचा तुकडा किंवा सुका बोंबील ठेवा. पहिले दोन दिवस दार उघडंच बांधून ठेवा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, एकदा निर्धास्त खाऊन गेला की मग सापडतो.

गाडीत विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर डॅशबोर्डमागं मेला तर महिनाभर वास जात नाही, आणि तो कुत्र्या-मांजरानं किंवा गव्हाणी घुबडानं खाल्ला तर तेही मरू शकतं. घुबड तर रोज फुकटात उंदीर मारतं. झिंक फॉस्फाइड आणि फॉस्फरसच्या पेस्टवर नेमका उतारा नाही. घरात ठेवलंच असेल तर कुलपात ठेवा. कुणाच्या पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा आणि पाकीट बरोबर न्या.

सकाळी चावी मारण्याआधी

जिथं उंदीर, तिथं धामण येते, नाग येतो, घोणसही येते. बॉनेट उघडण्याआधी वरून दोनदा जोरात थाप मारा, टायरमागं आणि सीटखाली बॅटरी मारून बघा, हात नंतर घाला. साप दिसला तर काठी घेऊ नका, लांब उभं राहून लक्ष ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

लेंड्या, मुताचा वास, पाचट, कापसाचे बोळे दिसले तर आधी वायर आणि पाइप तपासा. डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल, गाडीखाली ओलं दिसत असेल किंवा ब्रेकचा पाय खाली जात असेल तर गाडी चालूच करू नका. मेकॅनिकला जागेवर बोलवा.

घरटं काढताना कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते. दारं उघडून हवा खेळू द्या, हातमोजे आणि तोंडाला रुमाल घालून जंतुनाशक फवारा, दहा मिनिटं थांबा आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्या. वायरीच्या जोडावर फवारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना उंदराची घाण साफ केल्याचं आवर्जून सांगा.

विम्याचं काय?

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर एक रुपयाही मिळणार नाही, कारण त्यात आपल्या गाडीचं नुकसान धरलेलंच नसतं. पूर्ण विमा असेल तर उंदरानं केलेलं नुकसान त्यात आहे की नाही, हे प्रत्येक कंपनीच्या कागदावर वेगळं लिहिलेलं असतं. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, पॉलिसीत वाचा. वायर तुटलेली दिसली तर दुरुस्तीआधी फोटो काढा, कंपनीला कळवा आणि सर्व्हे होईपर्यंत गाडी ढकलून-ओढून चालू करू नका. त्यानंतर वाढलेलं नुकसान तुमच्याच हलगर्जीपणामुळं झालं, असं म्हणायला कंपनीला जागा मिळते.