झटका मशीन : दाबाची चाचणी
शेताच्या कुंपणतारेत क्षणिक उच्च विद्युतदाबाचा ठोका सोडणारे, बॅटरीवर चालणारे दाबवर्धक उपकरण. दौंड (कुरकुंभ परिसरासह) व शिरूर तालुक्यांत रानडुकरे, हरणे व मोकाट जनावरांपासून पीक राखण्यासाठी वापरतात.

रचना : १२ व्होल्टचा दाब काही शे व्होल्टपर्यंत चढवून कपॅसिटर भारला जातो. थायरिस्टर सुरू होताच तो दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून रिता होतो आणि तारेवर ५ ते १० हजार व्होल्टचा ठोका पडतो. साधारण सेकंदाला एक. २५ मायक्रोफॅराडच्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टला २ जूल ऊर्जा साठते. ऱ्हास धरून ३ वॉट खर्च मानल्यास ७ अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने २८ तास पुरते, व्यवहारात कमी.

चाचणी : ‘टकटक ऐकू येते म्हणजे मशीन चांगले’ हा समज फसवा आहे. निऑनचा टेस्टर दाब आहे एवढेच सांगतो. साधा मल्टिमीटर तर लावूच नये. ठोका इतका अल्पकाळ टिकतो की आकडा नीट येत नाही, आणि मीटर जळतो तो वेगळाच. कुंपणासाठीचा डिजिटल टेस्टर किंवा १००० : १ प्रोबसह ऑसिलोस्कोप वापरावा. मोकळ्या टोकांवरचा आकडा जाहिरातीपुरता असतो. खरी परीक्षा ५०० ओहम भारावर : आयईसी ६०३३५-२-७६ या मानकानुसार त्या भारात एका ठोक्याची ऊर्जा ५ जूलपेक्षा जास्त नसावी. गवत टेकलेल्या तारेवर हलक्या मशीनचा दाब लगेच घसरतो, म्हणून कुंपणाच्या शेवटच्या टोकाला मोजावे. ४ हजारांच्या आसपास दाब मिळाल्यास रानडुकरासाठी सामान्यतः पुरेसा मानतात. मशीन उघडण्यापूर्वी कपॅसिटर रोधातून रिता करावा. बॅटरी काढली तरी त्यात विद्युतभार उरतो.

अर्थिंग : मशीनपासून १०० मीटरवर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळ्या तारेला टेकवून तिचा दाब २ हजारांखाली आणावा, मग अर्थिंगच्या सळीवर ३०० व्होल्टपेक्षा अधिक दिसल्यास सळ्या वाढवाव्यात. उन्हाळ्यात माती सुकली की हा दोष हमखास निघतो, आणि दोष मात्र मशीनला दिला जातो.

इतिहास : न्यूझीलंडमध्ये १९३० च्या दशकात विल्यम गॅलाघर यांनी विजेच्या कुंपणाचा प्रसार केला.

बिबट्याला हे कुंपण कितपत अडवते याबाबत मतभेद आहेत. घरगुती २३० व्होल्टची वीज तारेत थेट सोडणे म्हणजे झटका कुंपण नव्हे. ते बेकायदेशीर व प्राणघातक आहे.