कातीव लाकडी पात्रे : उपयोगवस्तू ते संग्राह्य कलावस्तू

मराठीत रेखीव चेहऱ्याला ‘कातीव’ म्हटले जाते. हे विशेषण मूळचे कातारी कारागिराच्या कामातील होय. लाकडाचा तुकडा फिरता ठेवून हत्याराने घडविणे, असा ‘कातणे’ या क्रियापदाचा एक अर्थ आहे. कुंकवाचे करंडे, झाकणाच्या डब्या अशाच घडत. (आमच्या खानदेशातील काठवट कातीव नव्हे, कोरीव असते, म्हणून ती येथे बाजूला ठेवली आहे.)

जुन्या पद्धतीत एक जण दोरी आलटून-पालटून ओढी व दुसरा हत्यार धरी. लाकूड पुढे-मागे फिरत असल्याने धार एकाच दिशेच्या फेऱ्यात लागे. नंतर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागावर बसे. म्हणजे पात्र दोघांचे असे. दोरी ओढणाऱ्याला कर्ता मानावे की नाही, हा प्रश्न कलेतिहासाने क्वचितच विचारला आहे.

संग्राहकाला मात्र एक नाव हवे असते. अमेरिकेतील जेम्स प्रेस्टिनी यांची कातीव पात्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या नावाने आहेत. आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्य वापरातील वस्तू आयुष्यभर जमविल्या व 1975 मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. खरे अज्ञात राहिले ते या वस्तू घडविणारे बहुसंख्य हात.

सावंतवाडीची वाट निराळी आहे. तेथे राजे शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. तेथील गंजिफा व लाकडी वस्तू संग्राहकांपर्यंत पोहोचल्या. गंजिफाच्या पुनरुज्जीवनात पुंडलिक चितारी यांचे नाव आदराने घेतले जाते. पण ते चित्रकाराचे नाव आहे, कातणाऱ्याचे नव्हे. रंगविणारा लक्षात राहतो, आकार देणारा विसरला जातो. 2024 मध्ये सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळाले. हे संरक्षण स्वागतार्ह आहे, तथापि ते गावाच्या नावाला असते.

यास्तव जुना करंडा हाती आल्यास त्याचा काळ ठरविण्यापूर्वी तो कोणी घडविला, हे घरातील वृद्ध स्त्रीला विचारून नोंदवावे. दोरी कोण ओढी, हेही त्याच वेळी विचारावे.